खेळगडी आणि चाकरगडी : पालवणकर बाळू ह्यांची कारकीर्द



मराठीत 'गडी' हा शब्द मोठा विचार करण्याजोगा आहे. आट्यापाट्यांत, हुतूतूत दोन्ही बाजूंना गडी असतात. क्रिकेटचे वर्णन करणाराही 'चौथा गडी बाद' असेच म्हणतो. आणि आपल्या वऱ्हाडात सालाने राहणारा, पहाटे उठून बैलांना चारापाणी करणारा, मालकाच्या वाड्यात लाकडे फोडणारा, तोही गडीच. पहिल्या गड्याचे नाव वर्तमानपत्रात छापून येते. दुसऱ्याचे नाव कित्येकदा त्याच्या मालकालाही अर्धेच ठाऊक असते. शब्द एक, माणसे दोन, असे आपण धरून चालतो. ज्याच्या ठिकाणी हे दोन्ही गडी एकत्र आले, त्या एका पुरुषाची कारकीर्द आज आपणापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांचे नाव पालवणकर बाळू. आपल्या देशाचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज म्हणून त्यांची ख्याती आहे. परंतु आमच्या मते ते त्याहून आधी काही होते. ते महिन्याच्या पगारावर राबणारे कामगार होते, आणि त्यांची कला त्या राबण्यातूनच जन्मास आली.

आमचे शालेय शिक्षण बेताचेच. जिनिंग-प्रेसिंगमधील कामगार आणि बाजारातील हमाल ह्यांच्या हजेरीचे, पगाराचे व बोनसचे हिशेब मांडता मांडता जे वाचन झाले तेवढेच आमचे भांडवल. त्यामुळे इतिहास वाचतानाही आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ह्या माणसाला महिना काय मिळत होता, आणि तो कोण देत होता? खेळाच्या इतिहासात हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. तेथे धावा मोजल्या जातात, बळी मोजले जातात; मजुरी मोजली जात नाही. ती मोजून पाहिली म्हणजे तोच इतिहास निराळा दिसू लागतो.

खेळणाऱ्यांचे दोन वर्ग जगभर मानले गेले. एक हौशी आणि दुसरा धंदेवाईक. 'धंदेवाईक' हा शब्द उच्चारतानाच आपल्या तोंडाला किंचित कडवटपणा येतो. जो पोटासाठी खेळतो तो हलका आणि ज्याला पोटाची काळजी नाही तो थोर, असा त्या शब्दात गर्भित अर्थ असतो. ज्या इंग्लंडातून क्रिकेट आपल्याकडे आले तेथे तर ह्या भेदाची भिंतच उभी होती. १८०६ पासून तेथे 'जेंटलमेन' विरुद्ध 'प्लेअर्स' असा सामना होत असे. जेंटलमेन म्हणजे बिनपगारी सद्गृहस्थ, प्लेअर्स म्हणजे पगारी गडी. दोघांचे कपडे बदलण्याचे दालन वेगळे, मैदानात उतरण्याचे दार कित्येक ठिकाणी वेगळे. फार काय, धावफलकाच्या छापील कागदावर सद्गृहस्थाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि पगारी खेळाडूची आडनावाच्या मागे टाकण्याचा रिवाज होता. हा भेद कागदोपत्री नाहीसा होण्यास १९६२ साल उजाडावे लागले.

हा प्रश्न एकट्या क्रिकेटचा नाही. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात १९५८ साली ऑस्कर श्मिट नावाचा बास्केटबॉलपटू जन्मला. तो १९८२ पासून इटलीतील कासेर्ता येथील संघात पगारावर खेळत होता. १९८४ साली अमेरिकेतील बड्या धंदेवाईक मंडळाच्या एका संघाने त्याची निवड केली. परंतु त्या काळच्या नियमाप्रमाणे तेथे खेळणाऱ्यास आपल्या देशाच्या संघातून खेळता येत नसे. श्मिटने ते बोलावणे नाकारले. १९८७ साली इंडियानापोलिस येथे पॅन-अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने अमेरिकेचा तिच्याच भूमीवर १२० विरुद्ध ११५ असा पराभव केला, त्यात एकट्या श्मिटचे ४६ गुण होते. तो नियम १९८९ साली रद्द झाला. इटलीत पगार घेतला तर चालतो, अमेरिकेत घेतला तर देशाचे दार बंद. ह्यात तत्त्व कोणते, ते आम्हांस आजवर उमगलेले नाही. आमचा निष्कर्ष एवढाच की, हौशी कोण आणि धंदेवाईक कोण हे खेळाडूच्या खेळावरून ठरत नसून नियम करणाऱ्याच्या सोयीवरून ठरते.

आपल्या देशात ह्या भेदात आणखी एक भेद मिसळला गेला, तो जातीचा. इंग्लंडात पगारी खेळाडूचे दार वेगळे होते. येथे त्याची चहाची पेलीही वेगळी होती. पालवणकर बाळूंची कारकीर्द ह्या दोन्ही भिंतींच्या सांदीतून पुढे सरकत गेली.

बाळू बाबाजी पालवणकर ह्यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराण्याचे मूळ कोकणातील पालवण गावचे, म्हणून पालवणकर. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या समाजव्यवस्थेत अस्पृश्य. वडील लष्करी चाकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्याकडे आले. पलटणीतल्या गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले असे सांगितले जाते. पुढे विठ्ठल आणि गणपत हेही दोघे भाऊ नामांकित खेळाडू झाले. एका घरातून असे चार भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले, ही गोष्ट कोणत्याही समाजात अपूर्वच म्हणावी लागेल.

परंतु बाळू मैदानावर प्रथम गेले ते खेळावयास नव्हे, झाडावयास. पुण्यात पारशी मंडळींचा एक क्रिकेट क्लब होता. तेथे खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरविणे हे त्यांचे काम. पगार महिना ३ रुपये. १८९२ साली ते गोऱ्या लोकांच्या पूना क्लबात लागले, तेथे महिना ४ रुपये मिळू लागले. कामाची यादीही वाढली. रूळ फिरविणे, खेळपट्टी आखणे, सरावासाठी जाळी बांधणे, टेनिसची मैदाने आखणे, आणि वेळप्रसंगी साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे. ह्या शेवटच्या कामाने त्यांचे आयुष्य बदलले. डाव्या हाताने ते मंदगती चेंडू टाकीत आणि तो कधी आत, कधी बाहेर असा दोन्हीकडे वळवीत. चेंडूची उंची, वेग आणि टप्पा ते सारखे बदलीत राहात.

त्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचा त्या काळचा नामवंत इंग्रज फलंदाज होता. तो इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी त्याला बाद केले की दर खेपेस तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ही आख्यायिका खरी धरून आम्ही हिशेब केला. चार रुपयांचे चौसष्ट आणे. म्हणजे साहेबाला आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार फिटला. आमच्या भाषेत ह्याला नगावर मजुरी म्हणतात. जिनात आणि मालधक्क्यावर काम करणारास ही पद्धत नवी नाही. हाताला जेवढी गती तेवढा दाम. फरक इतकाच की, येथे नगावर मजुरी करणाऱ्याच्या हातून एक कला घडत होती, आणि ती घडते आहे हे मजुरी देणाऱ्यालाही कळत होते.

ह्यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बाळूंनी त्या जाळीत शेकडो तास चेंडू टाकले. परंतु त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान आणि गोलंदाजी हे गड्याचे कष्ट, अशी ती कामाची वाटणी होती. आपल्या तळेगाव दशासरचा शंकरपट आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पटात जोडी पळते, धुरकरी जिवावर उदार होऊन ती हाकतो, आणि लोक विचारतात, जोडी कोणाची? उत्तर मालकाच्या नावाने दिले जाते. पूना क्लबात जर कोणी विचारले असते की ग्रेगसाहेबाचा खेळ इतका सफाईदार कशाने झाला, तर उत्तरात रूळ फिरविणाऱ्या गड्याचे नाव आले असते काय?

ते आले, पण निराळ्या मार्गाने. पुण्यातील हिंदू मंडळींचा संघ गोऱ्यांशी सामने खेळे. साहेबांना ज्याचे चेंडू झेपत नाहीत असा एक गडी त्यांच्याच क्लबात आहे, ही वार्ता त्यांच्या कानी गेली. त्याला घ्यावे की नाही ह्यावर पुष्कळ वाद झाला. गोलंदाज हवा होता, जात नको होती. शेवटी त्याला घेतले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू इतर सर्व खेळाडू हातात घेत. त्या चेंडूला विटाळ नव्हता. परंतु चहाची वेळ झाली की इतर मंडळी आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या कुल्हडात चहा मिळे. जेवणाचे पान वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे तर त्यांच्यासारख्याच एखाद्या अस्पृश्य चाकराने ते कोपऱ्यात नेऊन द्यावे.

मित्रहो, आम्ही हे दोषारोप करण्यासाठी सांगत नाही. ह्यातील यंत्रणा समजून घेणे अगत्याचे आहे. समाजाला श्रम हवे असतात, श्रमिक नको असतो. मुकादमाला पोते उचलणारी पाठ हवी असते. त्या पाठीचा मालक जेवायच्या वेळी कोठे बसतो ह्याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बाळूंच्या बाबतीत निराळेपणा एवढाच होता की, त्यांचे श्रम हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर होत होते. पोते कोणी उचलले हे विसरता येते, पण गडी कोणी बाद केला हे धावफलकावर लिहावेच लागते. खेळाचे हे एक सामर्थ्य आहे. तो हिशेब लपवू देत नाही.

१८९६-९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथे १८९४ साली स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना स्थान मिळाले. काही सभासदांचा विरोध होता. तो संघाचे कप्तान कीर्तिकर ह्यांनी मोडून काढला. पोटाची व्यवस्था बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत झाली. ही रेल्वे पुढे १९५१ साली पश्चिम रेल्वेत विलीन झाली. तेथे ते नोकरी करीत आणि कंपनीच्या संघातूनही खेळत.

ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे त्या गावातील लोकांना रेल्वेच्या नोकरीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. कापसाचा भाव चढो की पडो, पाऊस येवो की न येवो, पहिल्या तारखेला पगार होतो. बाळूंना ह्या नोकरीने ऐश्वर्य दिले नाही. परंतु तिने त्यांना बक्षिसीच्या आठ आण्यांतून सोडविले. आता त्यांना खेळासाठी कोणा एका साहेबाच्या किंवा शेटजीच्या मर्जीवर जगण्याचे कारण उरले नाही. भारतातील कितीतरी खेळाडूंना पुढल्या काळात रेल्वेने असाच आधार दिला. १९२८ साली रेल्वेच्या क्रीडा मंडळाची स्थापना झाली आणि १९५८-५९ पासून रणजी सामन्यांत रेल्वेचा स्वतंत्र संघ उतरू लागला. खेळाडूंच्या गौरवाची भाषणे पुष्कळ होतात. परंतु गौरवाने चूल पेटत नाही. चूल पेटत राहिली तर गौरवाची वाट पाहता येते. बाळूंना तर ती फार दिवस पाहावी लागली.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू आणि युरोपियन ह्यांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या; युरोपियनांनी १९१ आणि १०२. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला, आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता. वंगभंगाच्या चळवळीने देश तापलेला, स्वदेशीची हवा सर्वत्र पसरलेली. अशा वेळी गोऱ्यांचा त्यांच्याच खेळात पराभव झाला. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' ह्या पत्राने विजयाबरोबर आणखी एका गोष्टीचे महत्त्व ओळखले. पुण्यात ज्यांना चहा बाहेर दिला जात होता त्या भावांना मुंबईत संघाबरोबर एका पंक्तीला बसू देण्यात आले होते. हे पाऊल सामना जिंकण्याहून मोठे आहे, अशा आशयाचे त्या पत्राचे मत पडले. पुढल्या वर्षीही हिंदूंनी युरोपियनांस हरविले.

त्यानंतर १९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडला गेला. संघाचे नायक पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. राजेसाहेबांना लंडनमधील समारंभ आणि मेजवान्या पुष्कळ होत्या, त्यामुळे ते मैदानात क्वचितच दिसले. संघ एकूण २३ सामने खेळला आणि बहुतेक हरला. परंतु हरणाऱ्या ह्या संघाच्या एका गोलंदाजाने त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, ते दर बळीस १९ हूनही कमी धावा देऊन. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. लेस्टरशायरविरुद्ध दोन डावांत मिळून ११ बळी घेतले आणि तो सामना आपण जिंकला. सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद शतक ठोकले आणि एक गडी राखून विजय मिळविला. दौऱ्यातले हे दोनच विजय इंग्लंडच्या परगणा-संघांवर मिळाले, आणि दोन्हींवर ह्या भावांचा ठसा आहे. राजवाड्यातून आलेला नायक आणि रूळ ओढण्यापासून वर आलेला गोलंदाज; ह्या दोघांपैकी दौरा कोणी खेचून नेला हे आकडेच सांगतात.

मुंबईस परतल्यावर अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाने लिहिले असे सांगतात. पुढे ह्या दोघांच्या वाटा कशा वळल्या हे आपण पाहणारच आहोत. परंतु ज्या समाजाला अभिमानाने बोट दाखविण्यास फार थोडी माणसे होती, त्या समाजाने ज्याच्याकडे प्रथम बोट दाखविले तो एक खेळाडू होता, एवढे येथे नोंदवून ठेवू.

आता प्रश्न कप्तानीचा. संघात बाळू सर्वांत अनुभवी होते, सर्वांत यशस्वी होते. मुंबईचे सामने तोवर चौरंगी झाले होते. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघ होते. दर वर्षी कप्तान निवडला जाई आणि दर वर्षी तो दुसराच कोणी असे. १९१३ साली एम. डी. पै कप्तान झाले. त्यांचा सत्कार झाला तेव्हा त्या सज्जन गृहस्थांनी उघड सांगितले की, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी अशा बाळूंना मिळावयास हवा होता. पै ह्यांचा हा मोठेपणा आम्ही मनःपूर्वक मानतो. परंतु आमच्या धंद्याचा अनुभव असा की, वरिष्ठाने सभेत चार चांगले शब्द बोलले म्हणून बढतीचा कागद निघत नाही. तो निघाला नाही. आणखी सात वर्षे गेली.

१९२० साल उजाडले. बाळूंचे वय पंचेचाळिशीच्या आसपास आले होते. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत निवड समितीने त्यांना संघातून वगळले. कप्तान पै आजारी होते, तेव्हा कप्तानी दि. ब. देवधर ह्यांच्याकडे देण्यात आली. देवधर पुढे थोर खेळाडू झाले, त्यांच्या गुणांविषयी प्रश्न नाही. प्रश्न ज्येष्ठतेचा होता, आणि ज्येष्ठता विठ्ठलांची होती. ह्या वेळी मात्र पालवणकर बंधू गप्प बसले नाहीत. विठ्ठल आणि शिवराम ह्या दोघांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू वर्तमानपत्रातून लोकांपुढे मांडली. जातीच्या कारणाने आम्हांला डावलले जाते आणि हा अपमान आम्ही सहन करणार नाही, असा त्या निवेदनाचा मथितार्थ होता.

सभ्य गृहस्थहो, ह्याला आमच्या शब्दकोशात एकच नाव आहे. तो संप होता. दोन माणसांचा असला तरी संपच. संपाची सर्व लक्षणे त्यात होती. अन्याय एकावर झाला, काम दुसऱ्यांनी सोडले. मागणी स्पष्ट शब्दांत मांडली. ती जनतेपुढे ठेवली. आणि ज्यांच्यावाचून समोरच्याचे अडते अशा माणसांनी तो केला, म्हणून तो परिणामकारक झाला. त्याच मुंबईत, त्याच १९२० सालच्या ३१ ऑक्टोबरला, लाला लजपतराय ह्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली होती. पालवणकरांचा त्या अधिवेशनाशी संबंध होता असा आमचा दावा नाही. परंतु काही वर्षे अशी असतात की, तीच हवा गिरणीतही वाहते आणि मैदानावरही.

परिणाम काय झाला? लोकमत भावांच्या बाजूने उभे राहिले. पुढल्या सामन्यास पै परतले, बाळूंना सन्मानाने बोलावण्यात आले आणि उपकप्तान नेमण्यात आले. सामना चालू असता पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व पालवणकर बाळूंनी केले. तेरा-चौदा वर्षे अर्जविनंत्यांनी जे झाले नाही ते दोन माणसांनी काम थांबविताच झाले. बाळूंची पहिल्या दर्जाच्या सामन्यांतील कारकीर्द तेथेच संपली. अशा ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१ धावांना एक. परंतु दार किलकिले झाले होते. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले, संघ अजिंक्य ठरला, आणि ज्यांच्या घरी त्यांना एरवी ओसरीवर थांबावे लागले असते अशा लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरविले. विठ्ठलांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीतच लिहिले, हेही येथे सांगितले पाहिजे. आपला अनुभव आपल्या भाषेत लिहून ठेवणारे कामगार थोडे, खेळाडू त्याहून थोडे.

आमच्या वऱ्हाडालाही शरीरसाधनेची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ साली ह्या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखविले. त्या परंपरेत खेळ हा राष्ट्रधर्म मानला गेला, आणि ते योग्यच झाले. परंतु खेळणारा जेवतो काय आणि खेळ संपल्यावर जगतो कसा, हा प्रश्न राष्ट्रधर्माच्या तेजात कधी कधी दिसेनासा होतो. बाळूंच्या चरित्राचा उपयोग तेथे आहे.

बाळूंच्या उत्तरायुष्याविषयी बोलणे थोडे कठीण आहे. परंतु ते टाळणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. ते राजकारणात गांधीजींच्या बाजूचे झाले. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत ह्या मागणीस त्यांचा विरोध होता. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात जो पुणे करार झाला त्यावर सही करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. आणि १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उभे केले ते साक्षात डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांनी आदल्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता, आणि मतदारसंघ भायखळा-परळचा, म्हणजे गिरणगावचा. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

ह्या लढतीवर दोन्ही बाजूंनी सोपी टीका करता येते. कोणी म्हणेल, बाळूंना उच्चवर्णीयांनी पुढे केले. कोणी म्हणेल, ज्यांनी मान दिला त्यांच्याशी ते इमान राखून राहिले. आमचा कल आंबेडकरांच्या बाजूचा आहे हे आम्ही लपवीत नाही. ज्याला कप्तानीसाठी चौदा वर्षे थांबावे लागले त्याच्या जन्मकथेतूनच स्वतंत्र शक्तीची गरज सिद्ध होते असे आम्हांस वाटते. परंतु बाळूंनी जे पाहिले तेही डोळ्यांआड करता येत नाही. बाहेर कुल्हडात चहा पिणारा माणूस पंक्तीत जाऊन बसला, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात अनुभवले होते. ज्या समाजाने आपल्यापुढे एक दार उघडले तो उरलेलीही उघडील, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. आंबेडकरांनी हिशेब निराळा मांडला. एका असामान्य माणसासाठी दार उघडते; प्रश्न सामान्यांचा आहे. ज्याच्या हातात फिरकी नाही, जो नुसताच रूळ फिरवितो, त्याच्यासाठी ते उघडणार आहे काय? हा प्रश्न बाळूंच्या चरित्राने सुटत नाही. उलट तो अधिक टोकदार होतो.

४ जुलै १९५५ रोजी बाळू निवर्तले. त्या वर्षी देशातील अस्पृश्यता हा गुन्हा ठरविणारा कायदाही संमत झाला.

आमच्या ह्या विवेचनातून आपण काय घ्यावे? आमची नम्र विनंती अशी की, बाळूंचे चरित्र मुलांना सांगताना ते 'गरिबीतून वर आलेल्या गुणी माणसाची गोष्ट' एवढ्यावर आटोपू नये. गुण असले की माणूस वर येतोच, असे मुलांना त्यातून वाटेल, आणि ते खरे नाही. बाळूंचे गुण १८९२ मध्येही होते, १९०६ मध्येही होते, १९११ मध्ये तर साऱ्या इंग्लंडने पाहिले. तरी १९२० पर्यंत ते वर आले नाहीत. गुणांच्या जोडीला तीन गोष्टी लागल्या. पहिली, महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार, ज्यामुळे त्यांना कोणाच्या बक्षिसीवर जगावे लागले नाही. दुसरी, कीर्तिकर आणि पै ह्यांच्यासारखी वरच्या जागेवर बसलेली थोडी न्यायी माणसे. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, एका भावासाठी काम सोडून बाहेर उभे राहिलेले दोन भाऊ. पहिली गोष्ट नसती तर बाळू खेळलेच नसते. दुसरी नसती तर खेळले असते पण बाहेरच बसले असते. तिसरी नसती तर आत बसले असते, पण पुढे कधीच उभे राहिले नसते.

आपल्या गावातही मैदाने आहेत. त्यांवर सकाळी कोणी पाणी मारतो, कोणी चुन्याने रेषा आखतो, कोणी रूळ ओढतो. संध्याकाळी त्यांवर मुले खेळतात आणि आपण टाळ्या वाजवितो. त्या टाळ्या जरूर वाजवाव्यात. परंतु सामना संपल्यावर क्रीडा मंडळाच्या चालकांनी दोन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. रूळ ओढणाऱ्याला महिना काय मिळतो, आणि त्याचा मुलगा त्या मैदानावर खेळावयास येतो की नुसताच बापाला मदत करावयास येतो. ह्या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे ज्या गावात मिळतील, त्या गावात खेळगडी आणि चाकरगडी ही दोन माणसे उरणार नाहीत.